समजलं आणि जमलं: माहिती सत्र व प्रशिक्षण यांतला फरक

कॅलेंडरवर दोन्हींचं नाव 'ट्रेनिंग'च असतं. रजेचं नवं धोरण समजावणं हेही ट्रेनिंग, आणि चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर कसं बोलायचं हेही ट्रेनिंग. पहिलं खरं तर माहिती सत्र. त्यात कमीपणा काहीच नाही, धोरण बदललं तर लोकांना कळायलाच हवं. घोटाळा होतो तो दुसरं काम पहिल्याच्या साच्यात कोंबलं की.

माहिती सत्राची तयारी 'काय सांगायचं' इथून सुरू होते. नेमके मुद्दे, थोड्या स्लाइड, शेवटी प्रश्नोत्तरं. (कितीतरी वेळा नुसता ईमेल पुरतो, पण ते कोण कबूल करणार?)

प्रशिक्षणाची तयारी उलट्या टोकाने करावी लागते: सत्रानंतर माणसाला काय करता आलं पाहिजे? उद्दिष्ट कसं लिहावं हे अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये मांडलं. कृती कोणती, कोणत्या परिस्थितीत आणि कितपत अचूक, या तीन गोष्टी त्यात हव्यात. 'तक्रार हाताळण्याची समज वाढवणे' इथेच बाद होतं. 'समोर लिहिलेला मजकूर नसताना तक्रार ऐकून घेणे, ती ग्राहकाला आपल्या शब्दांत परत सांगणे आणि एकही मुद्दा न गाळता नोंदवणे' हे चालतं. असं लिहिलं की निम्म्या स्लाइड आपोआप गळतात आणि सरावाला वेळ निघतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालवला गेला. काम शिकवण्याच्या त्यातल्या पायऱ्या चार: शिकणाऱ्याची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतरही लक्ष ठेवा. आपली बहुतेक सत्रं दुसऱ्या पायरीवरच आटोपतात. मग 'समजलं ना?' असं विचारलं की सगळ्या माना डोलतात.

त्या माना खोट्या नसतात, पण फसव्या असतात. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. दारातच भरून घेतलेला फीडबॅक फॉर्म हा त्या पाचव्या मिनिटाचा असतो. वक्ता आवडला का, एवढं त्यातून कळतं. माहिती सत्राला तेवढं पुरेल. प्रशिक्षणाचं मोजमाप मात्र दोन-तीन आठवड्यांनी, माणूस प्रत्यक्ष काम करत असताना घ्यावं.

आणि सत्र ठरवण्याआधी मेगर यांचाच आणखी एक प्रश्न विचारून पाहा: जीवावर बेतलं, तर हा माणूस हे काम करू शकेल का? उत्तर 'हो' असेल, तर अडचण कौशल्याची नाही. वेळ अपुरा असेल, सॉफ्टवेअर रखडत असेल किंवा अर्ज किचकट असेल. अशा वेळी हॉल बुक करू नका, अर्ज दुरुस्त करा.