ठाण्याचं मनोरुग्णालय आणि वेडाचं सोंग

खुनाची बातमी आली की लोकलच्या डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आता वेडा असल्याचं सर्टिफिकेट काढेल आणि सुटेल.’ इतकं सोपं असतं तर ठाण्याच्या मनोरुग्णालयात वकिलांची रांग लागली असती.

१९०१ सालापासूनचं हे रुग्णालय हल्ली नव्या स्टेशनच्या जागेमुळे गाजतंय. पण कोर्ट नाक्याजवळच्या तुरुंगातल्या एखाद्या कच्च्या कैद्याच्या मनःस्थितीबद्दल शंका आली, की तपासणी करून अहवाल द्यायचं काम अशा सरकारी मनोरुग्णालयांवर येतं. आणि तिथे प्रश्न एक नसतो, दोन असतात.

पहिला प्रश्न आजचा. आपल्यावर आरोप काय आहे, समोर बसलेले न्यायाधीश कोण, वकिलाला काय सांगायचं, हे आरोपीला कळतं का? कळत नसेल तर खटला थांबतो. संपत नाही. उपचारांनी माणूस सावरला की खटला पुन्हा उभा राहतो.

दुसरा प्रश्न गुन्ह्याच्या क्षणाचा, आणि खरी कसोटी तिथेच. १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. भ्रमाच्या आजारामुळे तो निर्दोष सुटला, गदारोळ झाला आणि त्यातून जो नियम घडला तोच आपल्याकडे आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे मनोविकारामुळे त्या वेळी कळतच नव्हतं, असं दाखवावं लागतं. नुसतं स्किझोफ्रेनियाचं निदान पुरत नाही. शिवाय दाखवायची जबाबदारी आरोपीवर.

उलटून गेलेल्या क्षणाचं मन तपासायचं कसं? आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं जुळवून. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये दिवसाढवळ्या बायकोच्या डोक्यात दगडी वरवंटा घातला. ना पळाला, ना लपला. त्याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. खुनाचं कारण काय, तर त्याने नोकरी सोडायला बायकोचा विरोध. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला.

राहता राहिलं सोंग. ‘मला काहीच आठवत नाही’ म्हणणाऱ्यासाठी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला फार आवडते. साध्यासुध्या वस्तूंची ५० चित्रं एकेक करून दाखवतात. मग प्रत्येक वेळी दोन चित्रं समोर ठेवून विचारतात, यातलं मघाशी कोणतं पाहिलं? काम अवघड वाटतं, असतं मात्र सोपं. मेंदूला इजा झालेले अनेक रुग्णही त्यात चांगले गुण मिळवतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी, म्हणजे २५ च्या आसपास उत्तरं बरोबर यायला हवीत. सोंग घेणारा मात्र कधीकधी जेमतेम १५ वर येतो. इतकं चुकायला बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं!

तरी इथे घाई नको. खरा आजारी माणूसही घाबरून लक्षणं वाढवून सांगतो, म्हणून एका चाचणीवर कुणी निकाल देत नाही. वॉर्डातल्या नर्सच्या नोंदी तितक्याच कामाच्या असतात: डॉक्टर गेल्यावर झोपतो का, जेवतो का, इतरांशी बोलतो का. दिवसातून तासभर सोंग जमेल. चोवीस तास, आठवडाभर ते टिकवणं कठीण.

आणि समजा गुन्ह्याच्या क्षणी आरोपीला काही कळत नव्हतं, हे कोर्टाला पटलं. तरीही कृत्य याच्याच हातून झालं की नाही, हे निकालपत्रात लिहावंच लागतं. ते झालं असेल तर तो थेट घरी जात नाही. त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवलं जातं. घरी न्यायचं तर नातेवाइकाने किंवा मित्राने स्वतः अर्ज करायचा, आणि हा स्वतःला वा कुणाला इजा करणार नाही याची हमी कोर्टाला द्यायची. त्या शिपायासारख्या प्रकरणात, जिथे मेलेली बाई घरचीच असते, तिथे हा अर्ज घेऊन कोण येणार?