डॅनिश आडनावांतला ‘सेन’ कुठून आला

डेन्मार्कमध्ये नील्सेन, येन्सेन, हान्सेन ही आडनावे सर्वांत जास्त आढळतात. सर्वाधिक वापरातल्या वीसेक आडनावांत ‘सेन’ (म्हणजे मुलगा) नसलेले जेमतेम एक सापडते: म्योलर, म्हणजे गिरणीवाला. ही यादी जुन्या परंपरेतून आली असे सर्रास लिहिले जाते. तिला आजचा आकार दिला तो १८२८ च्या एका राजाज्ञेने.

सरदार घराण्यांना कायमचे कुलनाव घ्यायला १५२६ मध्येच सांगितले होते. शहरी व्यापारी आणि कारागीरही हळूहळू त्या वाटेने गेले. शेतकऱ्यांचे तसे नव्हते. त्यांच्यात बापाच्या नावावरून दर पिढीत नवे नाव पडे. येन्स हान्सेनचा मुलगा नील्स येन्सेन, मुलगी मारेन येन्सडाटर आणि नील्सची मुले पुन्हा वेगळी. थोरल्याला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्याने घराघरांत दोनतीन नावेच आलटून पालटून येत. एकाच गावात चार नील्स येन्सेन निघत. मग कुणी टेकडीवरचा, कुणी लोहार, कुणी अमुक वाडीचा. माणूस खरा ओळखला जाई तो या टोपणनावाने.

डॅनिश राजाच्या अमलाखालच्या श्लेस्विग प्रांतात १७७१ मध्ये वडिलांवरून पडणारी नावे गोठवली गेली. १८२८ मध्ये उरलेल्या राज्याची पाळी आली. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला त्याच्या नावाबरोबर पुढे कायम लावायचे ‘फॅमिलीनाव किंवा स्टामनाव’ द्यावे, असा हुकूम निघाला. सगळा घोळ या ‘स्टामनाव’ शब्दाने केला. ‘स्टाम’ म्हणजे खोड, मूळ, कूळ. पण ज्या घराला कुलनावच नाही, त्याचे खोड कोणते धरायचे? बापाचे नाव, आजोबांचे, की वाडीचे? बाप येन्स हान्सेन असेल, तर एका चर्चच्या वहीत मुले येन्सेन झाली, शेजारच्या चर्चमध्ये हान्सेन. काही ठिकाणी जुनीच पद्धत कित्येक वर्षे चालू राहिली आणि १८५० च्या दशकात सरकारला पुन्हा बजावावे लागले.

टोपणनावे तेव्हाच वहीत चढली असती तर आजची यादी कितीतरी बोलकी झाली असती. टेकड्या, ओढे, व्यवसाय, वाड्या सगळे तिच्यात राहिले असते. पण बापाच्या नावाला ‘सेन’ जोडणे हेच रीतसर मानले गेले. मुलींचे नुकसान त्याहून मोठे झाले. ‘डाटर’ म्हणजे मुलगी हा प्रत्यय कागदोपत्री जवळजवळ पुसला गेला आणि नील्सची नात जन्मापासून ‘येन्सचा मुलगा’ असे नाव लावू लागली. या भागाची चर्चा फार कमी होते, ती व्हायला हवी.

डॅनिश राजाच्याच अमलाखालच्या आइसलंडात हा हुकूम लागू झाला नाही. तिथे १९२५ च्या कायद्याने उलट नवी कुलनावे घेण्यावरच बंदी आणली.

१९०४ मध्ये किरकोळ शुल्क भरून आडनाव बदलायची सोय झाली, तरी ‘सेन’ हटला नाही. १९९३ ते २०११ या काळातल्या सलग तिन्ही पंतप्रधानांचे आडनाव रासमुसेन होते आणि एकाचेही दुसऱ्याशी नाते नव्हते. लोक त्यांना मधल्या नावाने ओळखत: नुरुप, फोग, ल्योके. जुन्या टोपणनावाचे काम आता मधले नाव करते. एप्रिल २००६ पासून लागू झालेल्या कायद्याने आईच्या किंवा वडिलांच्या नावाला ‘डाटर’ जोडून मुलीला आडनाव देण्याची मुभा पुन्हा दिली आहे.