मानेवरचा मळ, जो मळ नसतोच

लग्न ठरलं की पोरीच्या मानेकडे घरातल्या सगळ्या बायकांचं लक्ष जातं. मागच्या बाजूला काळपट पट्टा असतो, जवळून पाहिलं तर जाडसर, मखमली, घडीघडीचा. मग बेसन, हळद, लिंबू आणि शेवटी पायाची घासणी. "नीट आंघोळ करत नाहीस," हे वर ऐकवायचं असतंच. मुलाची मान असेल तर तेवढं कुणी पाहत नाही, त्यामुळे त्याची घासणी वाचते, पण निदानही राहून जातं.

या काळेपणाचं वैद्यकीय नाव अकॅन्थोसिस निग्रिकन्स. त्याचं मूळ बहुतेक वेळा रक्तातल्या इन्सुलिनमध्ये असतं. वजन वाढलं, पोटाचा घेर सुटला की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून वेळ निभावून नेतं. साखर अजून नॉर्मल येत असते, रिपोर्टवर कुठेही लाल खूण नसते, पण रक्तात इन्सुलिनची पातळी चढलेली असते. वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-1 नावाच्या संप्रेरकासाठी त्वचेच्या पेशींवर ग्राहक, म्हणजे संप्रेरक चिकटायच्या ठरलेल्या जागा, असतात. हे जादा इन्सुलिन तिथे जाऊन चिकटतं आणि त्या पेशी भराभर वाढू लागतात. मान, काख, जांघ या घड्यांच्या जागी कातडी जाड होते. काळा रंग येतो तो मुख्यतः या जाडीमुळे, रंगद्रव्याचा वाटा थोडाच. म्हणून गोरेपणाच्या क्रीमचा उपयोग जेमतेम होतो. घासल्याने तर त्वचा दुखावते आणि आणखी काळी पडते. आजूबाजूला बारीक लोंबते मस असतील तर संशय पक्का.

खरोखरच मळ आहे का, हे पाहायचं असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवावा. साबणाला न बधणारा चिवट मळ असतो, तो स्पिरिटने निघतो. हा काळेपणा निघत नाही. मग पैसे फेशियलवर घालवण्यापेक्षा उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्यावी. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाचीही चौकशी करावी. वजन उतरू लागलं की मानही हळूहळू उजळते, पण त्याला महिने लागतात. एक अपवाद मात्र गंभीर आहे. वय झालेल्या, सडपातळ माणसाला हा प्रकार अचानक झाला, झपाट्याने पसरला, तळहातही जाडसर झाले आणि वजन घटू लागलं, तर पोटातल्या कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो.

नखांच्या बाबतीत आपला लाडका गैरसमज म्हणजे पांढरे ठिपके आणि कॅल्शियम. नखाचा कडकपणा केराटिन या प्रथिनाचा असतो, कॅल्शियम त्यात अगदी नाममात्र. ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाला बसलेल्या किरकोळ माराचे असतात आणि नख वाढेल तसे पुढे सरकून कापले जातात.

हे सरकणंच कामाचं आहे. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं किंवा त्याहूनही कमी. मोठा ताप, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया असं काही झालं की नखाच्या मुळाशी वाढ काही काळ खुंटते आणि तिथे आडवी खाच पडते. फ्रेंच डॉक्टर बो यांनी 1846 मध्ये या खाचांचं वर्णन केलं. मुळापासून खाच 6 मिलिमीटरवर असेल तर आजार सुमारे दोन महिन्यांपूर्वीचा. कातडीखाली दडलेल्या नखाचे काही आठवडे त्यात मिळवायचे. खाच सगळ्या नखांवर सारख्याच अंतरावर आहे का, हे आधी पाहावं. एकाच नखावर असेल तर दार लागलं असेल, एवढंच.

बुलढाणा जिल्ह्यातली घटना याच चष्म्यातून पाहता येते. 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक पुंजक्यांनी गळू लागले. तपासण्यांत रक्तातलं सेलेनियम हे खनिज वाढलेलं आढळलं. महाडचे डॉक्टर आणि संशोधक हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं, त्यावरून वादही झाला. काही महिन्यांनी, एप्रिल 2025 मध्ये, त्याच भागात नखं विद्रूप होऊन गळायला लागली आणि लोक पुन्हा घाबरले. पण केराटिनला घट्ट धरून ठेवणाऱ्या गंधकाच्या जागी सेलेनियम घुसू शकतं, आणि मुळाशी बिघडलेलं नख वर दिसायला वेळ लागतोच. केस आधी, नखं मागाहून, हा क्रम नखाच्या संथ वाढीशी जुळतो.

नखं पातळ होऊन मधे खोलगट झाली, इतकी की पाण्याचा थेंब ठेवला तर वाहून न जाता तिथेच बसावा, तर लोहाची कमतरता तपासावी. सावळ्या कातडीवर रक्त कमी झाल्याचा फिकेपणा लवकर कळत नाही. खालची पापणी ओढून आतला रंग पाहणं जास्त भरवशाचं.

बोटांची टोकं फुगून नखं घुमटाकार होणं ही हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत असलेली खूण. ती ओळखायची सोपी चाचणी लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकी हृदयरोगतज्ज्ञाने 1976 मध्ये मांडली. त्याला स्वतःलाच हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झाला होता आणि आपली बोटं बदलताना त्याने पाहिली. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवायची. मधे शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसली तर ठीक. ती बुजली असेल तर छातीचा एक्स-रे निघालाच पाहिजे. काही घराण्यांत बोटं जन्मतःच अशी असतात, ते वेगळं. पण सिगारेट-बिडी ओढणाऱ्याची फट बुजली, तर "धूम्रपानाने असंच होतं" म्हणून सोडून देऊ नये. नुसत्या दम्याने किंवा सीओपीडी या दम लागणाऱ्या जुनाट फुप्फुसाच्या आजाराने बोटं अशी होत नाहीत. फुप्फुसाचा कर्करोग नाही ना, हे पाहावंच लागतं.

शेवटी, फिकट चट्टा. मुलाच्या गालावर दिसला की जंताचं औषध, छातीवर दिसला की शिबं, असं घरगुती निदान ठरलेलं असतं आणि चट्टे बहुतेक वेळा निरुपद्रवीच असतात. शिब्यांना खरवडलं तर बारीक कोंडा निघतो. पण चट्टा खाजत नसेल, तिथे घाम येत नसेल, तर डोळे मिटायला सांगून कापसाची वात फिरवावी आणि कुठे लागतंय ते बोटाने दाखवायला सांगावं. दाखवता आलं नाही तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. त्याचे जंतू मज्जातंतूंच्या आवरणातल्या पेशींत घर करतात, म्हणून बधिरपणा येतो. ते इतके सावकाश वाढतात की लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत काही वर्षं सहज जातात. सरकारी दवाखान्यात 6 किंवा 12 महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात. घरातल्या इतरांनाही तपासून, आजार नसेल तर, प्रतिबंध म्हणून रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाचा एक डोस देतात.