लाइम रोग : प्रतिकारसंस्थेचा प्रतिसाद

लाइम रोग हा बोरेलिया बर्गडॉर्फेरी नावाच्या मळसूत्री आकाराच्या जीवाणूमुळे आणि त्याच्या जवळच्या काही जातींमुळे होणारा, गोचिडाच्या दंशातून पसरणारा संसर्ग आहे. घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या जीवाणूपाशी असते तसे कोणतेही ज्ञात विष या जीवाणूपाशी नाही. त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा, ताप, सुजून टम्म झालेला गुडघा, चेहऱ्याच्या एका बाजूचा लुळेपणा ही जी लक्षणे रुग्ण सांगतो, ती बहुतांशी त्याच्या स्वतःच्या प्रतिकारसंस्थेने पेटवलेल्या दाहाची असतात. हा प्रतिसाद दुबळा मुळीच नसतो. तो जोरकस असतो, मात्र नेमका व्हायला त्याला उशीर लागतो आणि त्याची आठवण कच्ची राहते.

रोगाला नाव मिळाले ते अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावावरून. तेथील आणि आसपासच्या गावांतील बऱ्याच मुलांना एकाच सुमारास संधिवात झाल्याचे १९७५ मध्ये दोन मातांनी आरोग्य अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून दिले आणि येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा तपास केला. पुढे १९८१ मध्ये मोंटाना राज्यातील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या आतड्यात हे जीवाणू दिसले. जीवाणूच्या नावात त्यांचेच नाव आहे. चट्ट्याची नोंद मात्र युरोपात फार आधीची आहे : स्वीडनचे अर्विद अफझेलिउस यांनी तो १९०९ मध्येच मांडला होता. अमेरिकेत आज दरवर्षी सुमारे ४,७६,००० जणांवर या रोगाचे उपचार होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. दोडामार्ग, सत्तरी या भागांतील वाचकांना गोचीड म्हटले की माकडताप आठवेल. तो विषाणूचा रोग आहे, त्याचा गोचीडही वेगळ्या प्रजातीचा आहे, आणि या नोंदीतील विवेचन त्याला लागू पडत नाही.

प्रतिकाराची पहिली फेरी जीवाणू शरीरात येण्याआधीच सुरू होते, आणि ती गोचीड जिंकतो. रोग पसरवण्यात सर्वाधिक वाटा असलेली गोचिडाची अवस्था म्हणजे निंफ. अळी आणि प्रौढ यांच्या मधली ही अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते. डास क्षणभर टेकून उडतो, निंफ मात्र तीन ते पाच दिवस एकाच जागी तोंड रुतवून रक्त पितो. इतका काळ टिकायचे तर खाज, गोठणारे रक्त आणि धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी या तिन्हींचा बंदोबस्त करावा लागतो, आणि तो त्याची लाळ करते. लाळेतील काही प्रथिने खाज आणणाऱ्या हिस्टामिनला निष्प्रभ करतात, काही रक्त गोठू देत नाहीत, तर सॅल्प-१५ नावाचे प्रथिन टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जागे होऊ देत नाही. त्यामुळे दंश दुखत नाही आणि पुष्कळांना तो झाल्याचे आठवतही नाही.

या बधिर केलेल्या जागेचा फायदा जीवाणू उठवतो. उपाशी गोचिडाच्या आतड्यात असताना त्याच्या अंगावर ऑस्प-ए हे प्रथिन असते आणि त्याच्या आधाराने तो आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. गरम रक्त आत येऊ लागले की तो ऑस्प-ए कमी करून ऑस्प-सी तयार करू लागतो, आतड्यातून लाळग्रंथींकडे निघतो आणि ऑस्प-सीवर गोचिडाचेच सॅल्प-१५ पांघरून त्वचेत उतरतो. या वेषांतराला वेळ लागतो. अमेरिकेतील गोचिडाच्या बाबतीत संसर्ग पोचायला बहुधा ३६ ते ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ लागतो तो यामुळेच, आणि संध्याकाळी अंग तपासून गोचीड चिमट्याने काढून टाकण्याचा सल्लाही त्यावरच उभा आहे.

त्वचेत शिरलेल्या जीवाणूची पहिली गाठ पडते ती महाभक्षी आणि डेंड्रायटिक पेशींशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पहारेकरी पेशींशी. अनेक जीवाणूंच्या बाह्य आवरणात असणारा लिपोपॉलिसॅकराइड हा घटक बोरेलियात नसतो. त्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर मेद जोडलेली प्रथिने, म्हणजे लिपोप्रथिने, खच्चून भरलेली असतात. टीएलआर-२ आणि टीएलआर-१ हे पेशीवरील ग्राहक, म्हणजे जंतूंच्या खुणा ओळखणारी प्रथिने, जोडीने ती ओळखतात. पेशीने जीवाणू गिळून फोडला की आतील ग्राहकांना त्याची जनुकीय द्रव्येही सापडतात, इंटरफेरॉनसह दाहजनक सायटोकाइन, म्हणजे पेशींमधील निरोप्या प्रथिने, सुटतात आणि दंशानंतर साधारण तीन ते तीस दिवसांत चट्टा उमटतो. तो पाच सेंटिमीटरहून मोठा होत जातो, कारण जीवाणू कडेने पुढे सरकत असतात आणि पेशी त्यांच्या मागोमाग. मध्यभाग निवळून नेमबाजीच्या चकतीसारखा दिसणारा चट्टा छायाचित्रांत फार गाजला असला, तरी अमेरिकेतील बऱ्याच रुग्णांत तो सर्वत्र सारखाच लाल असतो. त्वचेचा तुकडा तपासला तर त्यात लसिकापेशी व महाभक्षी पेशी भरपूर आढळतात; जीवाणूसंसर्गात ज्यांची गर्दी अपेक्षित असते त्या न्यूट्रोफिल पेशी मात्र थोड्याच असतात.

रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी, म्हणजे कॉम्प्लिमेंट, हा पुढचा अडसर. परक्या पेशीला भोके पाडून मारणाऱ्या या साखळीने स्वकीय पेशींना इजा करू नये म्हणून रक्तात घटक-एच नावाचे नियंत्रक प्रथिन असते. बोरेलिया ते आपल्या पृष्ठभागावर ओढून घेतो आणि घरच्या माणसाचा आव आणतो. ही युक्ती सर्व प्राण्यांत चालत नाही. हरणाच्या रक्तात हा जीवाणू टिकत नाही, त्यामुळे हरणे प्रौढ गोचिडांना पोसत असली तरी जीवाणूचा साठा करत नाहीत. कॅलिफोर्नियातील कुंपण-सरड्याचे रक्त तर गोचिडाच्या पोटातील जीवाणूही मारून टाकते. उलट पांढऱ्या पायांच्या उंदरात तो सुखाने राहतो आणि उंदीरही फारसा आजारी पडत नाही. संसर्ग झाल्यावर शरीर लोह लपवून जीवाणूंची उपासमार करते, हा डावही येथे वाया जातो, कारण बोरेलिया लोहावाचून भागवतो आणि मँगनीजवर काम चालवतो.

प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार होण्यास काही आठवडे लागतात. आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे साधारण दोन ते चार आठवड्यांत आणि आयजीजी प्रकारची चार ते सहा आठवड्यांत मोजण्याजोगी होतात. प्रतिपिंडे जीवाणूला मारू शकतात याबद्दल शंका नाही. प्रश्न असतो तो निशाणा स्थिर राहण्याचा. बोरेलियाच्या व्हीएलएस-ई या पृष्ठप्रथिनाच्या जनुकाशेजारी पंधरा मूक तुकडे असतात आणि सस्तन प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर त्यांतील अंश जनुकात मिसळून प्रथिनाचे रूप सतत बदलत राहते. एका रूपाविरुद्धची प्रतिपिंडे तयार होईपर्यंत दुसरे रूप पुढे आलेले असते. हा बदल करता न येणारे जीवाणू निरोगी उंदरात काही आठवड्यांत नाहीसे होतात, पण प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी व टी-पेशी नसलेल्या उंदरात टिकून राहतात. हे वेषांतर प्रतिपिंडांना चकवण्यासाठीच आहे, हे दाखवणारा याहून सरळ पुरावा मिळणे कठीण. शिवाय जीवाणू रक्तात फार काळ थांबत नाही. डेकोरिन या प्रथिनाला चिकटून तो त्वचेच्या आणि सांध्यांच्या तंतूंत दडतो.

उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. संसर्गानंतर लसिकाग्रंथी प्रचंड सुजतात, पण जेथे बी-पेशी सुधारित प्रतिपिंडे आणि दीर्घकालीन स्मृती घडवतात ती जर्मिनल सेंटर लवकरच ढासळतात. त्या काळात दिलेल्या इन्फ्लुएन्झाच्या प्रतिजनालाही, म्हणजे प्रतिकार जागवणाऱ्या घटकालाही, प्रतिसाद क्षीण मिळतो. माणसात हे जसेच्या तसे घडते असे म्हणता येत नाही. तरीही लवकर बरा झालेला रुग्ण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आजारी पडू शकतो, हे पक्के ठाऊक आहे. ऑस्प-सीचे अनेक प्रकार निसर्गात फिरतात आणि एका प्रकाराविरुद्धचे संरक्षण दुसऱ्याला लागू पडत नाही.

याचा व्यवहारातील परिणाम रक्ततपासणीत दिसतो, आणि तेथेच सर्वाधिक गैरसमज होतात. तपासणी जीवाणू शोधत नाही, प्रतिपिंडे शोधते. १९९५ पासून रूढ असलेल्या दोन टप्प्यांच्या पद्धतीत दुसऱ्या टप्प्याला प्रतिपिंडे जीवाणूच्या कोणत्या प्रथिनांना चिकटली हे दाखवणाऱ्या पट्ट्या वाचल्या जातात. होकारार्थी निकालासाठी आयजीजीच्या ठरलेल्या दहांपैकी निदान पाच, आयजीएमच्या तीनपैकी दोन पट्ट्या दिसाव्या लागतात. चट्टा नुकताच उमटलेल्या रुग्णात तपासणी बहुधा कोरी येते, म्हणून अशा वेळी चट्टा पाहूनच उपचार सुरू करायचे असतात. उलट बरे झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्या नातलगाचा जुना अहवाल होकारार्थी असला, तर त्याचा अर्थ संसर्ग आज चालू आहे असा होत नाही.

सांध्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रतिजैविके देण्याची रीत पडण्यापूर्वी अमेरिकेत सुमारे ६० टक्के रुग्णांना काही महिन्यांनी संधिशोथ होई, बहुधा गुडघ्याचा. तोंडाने घेतलेल्या किंवा शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी बहुतेकांची सूज उतरते. थोड्यांची उतरत नाही, आणि त्यांच्या सांध्याच्या अस्तरात जिवंत जीवाणू सापडत नसतानाही इंटरफेरॉन-गॅमा भरपूर असते. अशा रुग्णांत टी-पेशींना जंतूंचे तुकडे दाखवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांपैकी एचएलए-डीआर४ गटातील काही प्रकार अधिक आढळतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सांध्यातील द्रवात जीवाणूच्या भिंतीतील पेप्टिडोग्लायकन शिल्लक असल्याचे दिसले. शत्रू मेला तरी त्याच्या भिंतीचे तुकडे उरतात आणि प्रतिकारसंस्था त्यांवर चवताळलेली राहते, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धचा प्रतिसादही काही रुग्णांत मोजला गेला आहे. मज्जासंस्थेत संसर्ग गेल्यास मेरुद्रवात सीएक्ससीएल-१३ हे बी-पेशींना बोलावणारे द्रव्य वाढते आणि युरोपात त्याचा निदानासाठी उपयोग होतो. उपचारांनंतरही काहींना महिनोन्महिने थकवा व अंगदुखी राहते. तिचे कारण निश्चित झालेले नाही, पण प्रतिजैविके लांबवल्याने तिला उतार पडत नाही, हे नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसले आहे.

लस करताना संशोधकांनी लढाईची जागाच बदलली. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली लाइमरिक्स ही लस ऑस्प-ए विरुद्ध प्रतिपिंडे घडवत असे. लस घेतलेल्याचे रक्त गोचीड पितो, त्या रक्तातील प्रतिपिंडे त्याच्या आतड्यात जाऊन तेथेच जीवाणू मारतात, म्हणजे काम होते ते माणसाच्या शरीराबाहेर. तीन मात्रांनंतर तिची परिणामकारकता ७६ टक्के आढळली. ऑस्प-एचा एक अंश मानवी पांढऱ्या पेशींवरील एलएफए-१ प्रथिनासारखा असल्याने संधिवात होईल ही भीती पसरली. चाचण्यांत तिला आधार मिळाला नाही, पण मागणी घसरली आणि २००२ मध्ये लस बाजारातून काढून घेण्यात आली. ऑस्प-एच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या नव्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. या पद्धतीच्या लसीला स्मृतिपेशींचा फारसा उपयोग नसतो, कारण जीवाणू त्वचेत उतरेपर्यंत त्याने ऑस्प-ए बहुतांशी टाकून दिलेले असते. प्रतिपिंडे गोचीड चावतो त्या क्षणी रक्तात पुरेशी हजर असावी लागतात, त्यामुळे वर्धक मात्रा गोचिडांचा हंगाम सुरू होण्याआधीच द्यावी लागते.