पाटे, टॉर्शन बार, कॉइल: इंदूरच्या ऑफ-रोड गाड्यांच्या सस्पेन्शनची पार्श्वभूमी

इंदूरहून चोरल-जानापावच्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्या नव्या गाड्या आता कॉइलवर (गुंडाळीच्या स्प्रिंगवर) आहेत, पण त्या उंच करताना डोक्यातला हिशेब अजून पाट्यांचाच, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचाच असतो. बिघाडांचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

महिंद्राने 1947 पासून विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, त्या चारही बाजूंनी पाट्यांवर. 1985 ची मारुती जिप्सीही तशीच. आग्रा-मुंबई रस्त्यामुळे ट्रकच्या कमानी, म्हणजे हेच पाटे, हाताळणारे कारागीर इथे होतेच. गाडी उचलायची तर एक पाटा वाढवायचा, नाहीतर शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) लांब करायचं. शॅकल 50 मिमी लांब केलं की गाडी साधारण 25 मिमी उचलली जाते. पण जीप-जिप्सीत पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते लांबलं की अ‍ॅक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा, स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग झोडपायला लागतं. त्यावर स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप) बसवणं म्हणजे ताप अंगात ठेवून गोळी घेणं. आधी किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) बेअरिंग आणि टाय-रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं तपासावीत, मग पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये मोजलेल्या कोनाची पाचर घालावी. पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि 500 किमीनंतर पुन्हा कसावेत. ढिले राहिले की पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट कापला जातो आणि गाडी तिरकी चालते.

2010 च्या थारमध्ये मागे पाटे राहिले, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आला. त्याचा बोल्ट फिरवला की पुढची बाजू वर, तेही फुकटात! पण बार त्याने कडक होत नाही. उलट चाकाला खाली लटकायला जागा उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंटचं (शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट फाटतं आणि आत माती शिरते.

2020 ची थार आणि पीथमपूरला बनणारी 2021 ची गुरखा, दोन्ही चारही चाकांना कॉइल. इथे कॉइलवर स्पेसर (जाडीचा तुकडा) घालून उंची मिळते, पण शॉकअप मूळचेच ठेवले तर ते पूर्ण ताणले जाऊन टोकाला आपटतात. मागे पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकण्यापासून रोखणारा आडवा दांडा) असेल तर उंची वाढल्याने अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. तिथे लांबी बदलता येणारा रॉड लागतो.

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावून कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई केली, त्यामुळे काम काढण्यापूर्वी आरटीओत विचारावं. काम झाल्यावर गाडी चॅसीवर उचलून चाकं पूर्ण लटकवावीत आणि ब्रेक होज व एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते दोन्ही बाजूंना स्टिअरिंग वळवून पाहावं.