३५० बार की ७०० बार? हायड्रोजन ट्रकांची पार्श्वभूमी

हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलचं तत्त्व १८३९चं असलं, तरी मालट्रकांपुरता इतिहास जेमतेम दहा वर्षांचा. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदरात कंटेनर ओढणाऱ्या ट्रकांची चाचणी सुरू झाली आणि २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ट्रक रोजच्या मालवाहतुकीत उतरले. तिथे गणित जमलं ते बरंचसं करामुळे. अंतर आणि वजनावर आकारला जाणारा रस्ताकर या ट्रकांना माफ होता, शिवाय ताफामालक गाडी विकत न घेता किलोमीटरमागे भाडं भरत.

हे ट्रक ३५० बारचे होते, म्हणजे टाकीतला हायड्रोजन साध्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३५० पट दाबाखाली. हा दाब शहरी बसकडून आला. बसच्या टपावर टाक्यांना जागा असते आणि ती रोज त्याच डेपोत परतते. ट्रकला दोन्ही सवलती नाहीत. केबिनमागे सात टाक्या उभ्या करून सुमारे ३२ किलो वायू बसला, पल्ला ४०० किलोमीटरच्या आसपास. १५ अंशांना ३५० बारवर लिटरभर जागेत २४ ग्रॅम हायड्रोजन मावतो, ७०० बारवर ४०. म्हणजे दाब दुप्पट, इंधन पावणेदोनपटही नाही.

आकड्याचा घोळ वेगळाच. ३५० बार हा १५ अंशांवर स्थिरावलेला दाब. भरताना वायू तापतो, त्यामुळे काटा ४३७ पर्यंत जाऊ शकतो आणि गाडी उभी राहिली की उतरतो. नवखा चालक गळती समजून तक्रार नोंदवतो.

टाकी ८५ अंशांपुढे जाऊ द्यायची नाही, म्हणून ७०० बारवर वायू आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करतात. त्यात दमट हवेमुळे नोझलवर बर्फ धरतं आणि नोझल टाकीच्या तोंडाला चिकटून बसतं. वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा पडदा फाटला की जोडीला दुसरा कॉम्प्रेसर नसलेला पंप बंदच. शिवाय मोटारींसाठीच्या भरणपद्धतीची मर्यादा सेकंदाला ६० ग्रॅम. ६० किलो भरायला कागदावरच सोळा-सतरा मिनिटं. ३०० ग्रॅमची जड वाहनांची जोडणी बरीच नंतर आली.

तरी युरोपीय संघाने २०२३च्या नियमात कौल ७०० बारला दिला: २०३० अखेर मुख्य मार्गांवर दर २०० किलोमीटरला एक पंप, रोजची क्षमता किमान एक टन आणि ७०० बारचं किमान एक नोझल. ट्रकमागे ६० किलो धरले तर टनात जेमतेम सोळा गाड्या भरतात, हे तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. त्याच वर्षी उणे २५३ अंशांवरच्या द्रवरूप हायड्रोजनवर एका ट्रकने एका भरणीत हजार किलोमीटर ओलांडले आणि वादात तिसरा पक्ष आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतला अशा ट्रकांचा एक उत्पादक दिवाळखोरीत गेला.

३५० बारचे ट्रक घेऊन बसलेल्या ताफ्यांची अडचण मात्र साधी आहे: ७०० बारचं नोझल त्यांच्या टाकीच्या तोंडाला बसतच नाही, आणि ते मुद्दाम तसंच घडवलेलं आहे.