स्तनाचा प्राथमिक लिम्फोमा : जनुकांमधली म्युटेशन्स

स्तनातली कॅन्सरची गाठ म्हटलं की ती बहुतेकदा दुधाच्या नळ्यांमधून निघालेली असते. स्तनाचा प्राथमिक लिम्फोमा तसला नाही, लिम्फोसाइट म्हंजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्यांचा कॅन्सर स्तनात सुरू झालेला, स्तनाच्या एकूण कॅन्सरमध्ये १ टक्क्याहूनही कमी. 'प्राथमिक' कशाला म्हणायचं याच्या अटी वाइझमन आणि लियाओ यांनी १९७२ मध्ये घातल्या, थोड्याफार फरकाने अजून त्याच चालतात. उपचार मुख्यतः केमोचा, स्तन काढून फायदा होत नाही.

बहुतेक केसेस डीएलबीसीएल प्रकारातल्या, म्हंजे बी-पेशी या लिम्फोसाइट्सच्या वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाच्या. त्यात म्युटेशन्स परत परत सापडणारी जनुकांची जोडी म्हंजे एमवायडी-८८ आणि सीडी-७९बी. पहिल्यात प्रोटीनच्या २६५व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलिन येतं, एवढाच बदल, पण बेलचं बटण आत अडकून बसावं तसं होतं, दारात कोणी नाही आणि बेल वाजतेय. इन्फेक्शन नसताना एनएफ-कप्पा-बी हा पेशीला जगत ठेवणारा सिग्नल चालू राहतो आणि पेशी मरायचं विसरते. सीडी-७९बी पेशीवरच्या वेगळ्या रिसेप्टरकडनं (संदेश घेणाऱ्या प्रोटीनकडनं) येऊन तिथंच पोचतं. प्रमाण अभ्यासागणिक बरंच बदलतं, केसेसच थोड्या.

खरा वाद वर्गीकरणाचा. हीच जोडी मेंदूच्या आणि वृषणाच्या लिम्फोमात भरपूर दिसते, २०१८ मध्ये या जोडीवरून एमसीडी नावाचा डीएलबीसीएलचा जनुकीय गटही मांडला गेला. पण डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या वर्गीकरणात मेंदू, डोळा, वृषण यांचा एक वेगळा प्रकार झाला आणि स्तन बाहेर राहिला. कारण सांगतात ते असं, की त्या जागांना प्रतिकारशक्तीपासून आडोसा असतो, स्तनाला तसा नाही. तर्क ठीक आहे, पण जनुकं बघितली तर शेजार पटतो, शिवाय हा आजार उलटला की मेंदूकडे जायची भीती जास्त, हेही त्याच बाजूचं.

इम्प्लांटभोवतीचा टी-पेशींचा लिम्फोमा निराळा, पहिली नोंद १९९७ ची, खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी संबंध, म्युटेशन्स जॅक-१, स्टॅट-३ या जनुकांमध्ये.

साध्या आयएचसीत, म्हंजे प्रोटीन रंगवून बघायच्या तपासणीत, एमवायडी-८८ मधला २६५चा बदल कळत नाही, बायोप्सीच्या ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या नमुन्यातून) डीएनए काढावा लागतो, आणि नमुना टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये जास्त दिवस पडला की डीएनए तुटतो. नाशकातल्या पेशंटचा ब्लॉक मुंबईला पाठवायचा झाला की घरचंच कोणीतरी नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडतं, खिशात मावेल एवढा मेणाचा तुकडा. गाडीने नेणाऱ्यांनी मे महिन्यात तो डॅशबोर्डवर ठेवू नये, हे मेण साठेक अंशाला वितळतं.